कागदी घोडे : शिरूर-भीमथडीच्या आधारे शिलेदारीच्या व्यवहाराचा विचार

१

युद्धाचा इतिहास लिहिताना लढाया, तह आणि सेनापती यांच्याकडे जितके लक्ष पुरविले जाते तितके फौजेच्या हिशेबाकडे पुरविले जात नाही. वस्तुतः फौज ही रणांगणावर दिसण्यापूर्वी कागदावर उभी राहते. किती स्वार, किती घोडे, कोणाच्या नावे किती रक्कम, ती कोणत्या महालातून वसूल व्हावयाची, हे सर्व आधी लिहिले जाते आणि मग फौज कूच करते. हे लिहिलेले आणि प्रत्यक्षातले यांत जे अंतर राहते, त्या अंतरातच युद्धकाळातील नफेखोरीचा उगम असतो. 'कागदी घोडे नाचविणे' हा मराठीतील वाक्प्रचार आज कचेरीच्या कारभाराला लावला जात असला, तरी फौजेच्या इतिहासात कागदी घोडे ही अलंकारिक वस्तू नव्हती. त्यांच्यासाठी खराखुरा पैसा मोजला जात असे.

या प्रश्नाचा विचार करण्यास पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन लगतचे तालुके विशेष सोयीचे आहेत. भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड. दौंडचा प्रदेश पूर्वी भीमथडी या तालुक्यात मोडत असे, आणि भीमथडीचे तट्टू हे नाव मराठी घोडदळाच्या इतिहासाशी कायमचे जोडले गेलेले आहे. शिरूर तालुक्यात 'आलेगाव पागा' नावाचे गाव आजही आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोड नदीच्या काठी, शिरूर येथे, इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी पडली. नदीच्या एका तीरावर घोड्याचा प्रदेश आणि दुसऱ्या तीराच्या पलीकडे कंत्राटी फौजेचा तळ, असा हा योग आहे. मराठी शिलेदारी आणि इंग्रजी तैनाती फौज या दोन व्यवस्था परस्परविरोधी मानल्या जातात. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले असता त्यांच्यातील नाते निराळे दिसते.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे युक्त होईल, कारण या व्यवहाराचे स्वरूप त्याच्या परिभाषेत स्पष्टपणे उमटलेले आहे.

'शिलेदार' हा शब्द फारसी 'सिलाहदार' या शब्दापासून आला. 'सिलाह' म्हणजे शस्त्र. मूळ अर्थाने शिलेदार म्हणजे शस्त्र बाळगणारा. मराठीत या शब्दाचा अर्थ 'स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा स्वार' असा स्थिर झाला. या अर्थांतरात महत्त्वाची गोष्ट ही की, शब्दाचा भर शस्त्रावरून घोड्यावर, म्हणजे शौर्याच्या साधनावरून भांडवलावर गेला. ज्याच्यापाशी एकच घोडा तो स्वतः स्वार होई. ज्याच्यापाशी दहा, वीस वा पन्नास घोडे असत, तो इतर माणसे त्यांवर बसवी आणि सरकाराकडून सर्वांचा ऐवज घेई. शिपाई आणि सावकार या दोन्ही भूमिका अशा रीतीने एकाच शब्दात एकत्र आल्या.

'बारगीर' हा त्याचा जोडशब्द. फारसीत 'बार' म्हणजे ओझे आणि 'गीर' म्हणजे घेणारा. मराठी व्यवहारात बारगीर म्हणजे दुसऱ्याच्या, सरकारच्या किंवा शिलेदाराच्या, घोड्यावर बसणारा स्वार. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या, तेव्हा हाच शब्द 'बर्गी' या रूपाने बंगाली भाषेत शिरला आणि तेथे लुटारू या अर्थाने रूढ झाला. ज्याचा घोडाही स्वतःचा नव्हता, त्याचेच नाव लुटीसाठी बदनाम झाले. घोड्याचा धनी मात्र नामानिराळा राहिला.

तिसरा शब्द 'असामी'. अरबीत 'इस्म' म्हणजे नाव आणि 'असामी' हे त्याचे अनेकवचन. नावांच्या यादीतील एक नोंद ती असामी. मराठीत हा शब्द व्यक्ती या अर्थाने, आणि हुद्दा वा नेमणूक या अर्थानेही रूढ झाला. नाव, माणूस आणि जागा हे तिन्ही अर्थ एका शब्दात सामावल्यामुळे व्यवहारात एक सोय झाली. माणूस नसला तरी नाव राहू शकते, आणि नाव राहिले की जागेचा ऐवज चालू राहतो. हजिरीपटावरील असामी आणि छावणीतील माणूस यांची फारकत कशी झाली, हाच या विषयाचा गाभा होय.

३

हा धोका मराठी राज्यकर्त्यांना ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे जे वर्णन सभासदाच्या बखरीत आढळते, त्यात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी पागेची रचना दिलेली आहे. शिलेदारांना स्थान होते, परंतु ते पागेच्या दाबाखाली. सरकारी घोड्यांचे बळ अधिक राखावे, म्हणजे खाजगी घोड्यांचे धनी शिरजोर होणार नाहीत, असे हे धोरण होते. स्वारीस निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची नोंद होई आणि परत आल्यावर झडती होऊन अधिक निघालेला ऐवज सरकारात जमा होई. वेतनाच्या बदली गावे तोडून देण्याची पद्धत शक्यतो टाळली जाई.

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या लष्कराला महाराजांनी पाठविलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. त्याचा आशय येथे लक्षात घेण्यासारखा आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आरंभीच उधळली, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरातले धान्य, भाकर, गवत, लाकूडफाटा आणि भाजीपाला ओढून आणतील, आणि रयतेला आपल्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील. म्हणून जे हवे ते बाजारातून पैसे देऊन विकत घ्यावे, असा स्पष्ट हुकूम त्यात आहे. या पत्रास सामान्यतः रयतेविषयीच्या कळवळ्याचे उदाहरण मानले जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि ते हिशेबाचेही पत्र आहे. कोठीतला गोंधळ अखेरीस कुणब्याच्या परसात जाऊन पोचतो, ही साखळी त्यात अचूक ओळखलेली आहे.

१६८९ नंतरच्या बिकट काळात ही शिस्त टिकणे शक्य नव्हते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत खजिना रिता होता आणि मोगल फौजा सर्वत्र पसरल्या होत्या. अशा वेळी सरदारांना मुलूख लावून देऊन त्यांनीच फौज उभारावी, हा मार्ग पत्करावा लागला. त्यामुळे राज्य वाचले, परंतु फौज उभारण्याचे काम खाजगी हातांत गेले ते पुन्हा पूर्णपणे परत आले नाही. पेशवाईतील सरंजामी व्यवस्थेचा पाया हाच होय. अमुक इतके स्वार बाळगावे आणि त्यासाठी अमुक इतक्या उत्पन्नाचा प्रांत घ्यावा, असा हा करार असे. कराराचा एक भाग, म्हणजे उत्पन्न, सरंजामदाराच्या हाती दरसाल पडे. दुसरा भाग, म्हणजे स्वार, केवळ मोहिमेच्या वेळी दिसावयाचा.

४

एवढ्यावरून हा दोष केवळ मराठी राज्याचा होता, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. खोट्या हजिरीवर उपाय म्हणून घोड्यांना डाग देणे आणि स्वारांचा चेहरा, म्हणजे वर्णन, लिहून ठेवणे ही पद्धत दिल्लीत अलाउद्दीन खलजीने अमलात आणली होती. अकबराने सोळाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन केले. शहाजहानच्या काळात तर नेमणुकीच्या प्रांतातच जहागीर असलेल्या मनसबदाराने कागदावरील स्वारसंख्येच्या एक तृतीयांश आणि अन्य प्रांतात जहागीर असलेल्याने एक चतुर्थांश स्वार हजर केले म्हणजे पुरे, असा नियमच झाला. कागद आणि छावणी यांतील अंतर नाहीसे करणे अशक्य आहे हे ओळखून सरकारने त्या अंतरालाच मान्यता दिली, असा याचा अर्थ होतो.

पेशव्यांनी निराळा उपाय योजला. सरंजामदारांकडे दिवाण, मुजुमदार, फडणीस आदी दरकदार सरकारातून नेमले जात आणि सरदाराला त्यांना परस्पर दूर करता येत नसे. फौजेची गणती घेण्यास कारकून पाठविले जात. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत या देखरेखीला विशेष जोर होता. परंतु गणती ही मुळात एका दिवसाची गोष्ट. त्या दिवसापुरता शेजारच्या पथकातील घोडा मागून आणणे, शेतकामाचे तट्टू उभे करणे, मेलेल्याचे वा पळालेल्याचे नाव यादीत तसेच ठेवणे, या युक्त्या फौजेइतक्याच जुन्या आहेत. फ्रान्समध्ये केवळ गणतीच्या दिवशी रांगेत उभ्या राहणाऱ्या अशा बनावट शिपायांना 'पास-व्होलाँ' असे नावच पडलेले होते. ज्या व्यवहाराला स्वतंत्र नाव मिळते तो अपवादात्मक राहिलेला नसतो.

पेशव्यांच्या चाकरीत असलेला आयरिश अधिकारी विल्यम टोन याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी घोडदळाविषयी लिहिताना एक मार्मिक गोष्ट नोंदविली. घोडा शिलेदाराच्या मालकीचा असल्यामुळे आणि तो लढाईत पडल्यास नुकसान त्याचेच होत असल्यामुळे, निकराच्या लढाईत घोडा घालण्यास तो नाखूश असे. काही लेखकांनी यावरून मराठ्यांच्या स्वभावाविषयी अनुमाने काढली. परंतु हा स्वभावाचा प्रश्न नव्हे. ज्याची सर्व पुंजी चार पायांवर उभी आहे, त्याने ती जपावी हे स्वाभाविक होय. करारानेच शिपायाला असे ठेवले होते की, लढण्यात त्याचे नुकसान आणि न लढता हजिरी लागण्यात त्याचा लाभ व्हावा.

५

येथे नफेखोर कोण, या प्रश्नाचे उत्तर सावधपणे दिले पाहिजे. मोहिमेपूर्वी शिलेदाराला जी आगाऊ रक्कम मिळे तिला 'नालबंदी' म्हणत. नाव घोड्याच्या नालांचे असले, तरी तीत घोड्याची खरेदी, दाणावैरण आणि घरची तरतूद हे सर्व भागवावे लागे. पुढचा ऐवज वेळेवर येण्याची खात्री नसे. मग सावकाराकडून कर्ज, कर्जावर व्याज आणि व्याजासाठी पुन्हा कर्ज, असा क्रम सुरू होई. एका घोड्याचा शिलेदार मेलेल्या भावाचे नाव यादीत ठेवी, आणि मोठा सरंजामदार शेकडो स्वारांचा ऐवज घेऊन थोडेच स्वार बाळगी. कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही कृत्ये एकाच जातीची. परंतु पहिल्यातून पोट भरे आणि दुसऱ्यातून वाडे उभे राहत. इतिहासकाराने ही दोन कृत्ये एकाच पंक्तीत बसविणे न्याय्य नव्हे.

तुंबलेला पगार मागण्याचा रूढ मार्ग म्हणजे 'धरणे'. शिपायांनी सरदाराच्या दाराशी बसावे, त्याला अन्नपाण्यासाठी उठू देऊ नये, आणि त्यानेही त्यांच्याबरोबर उपाशी राहावे. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने असे प्रसंग प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवले आहेत.

या साखळीचे सर्वांत भयंकर टोक पुणे शहराने १७९८ मध्ये अनुभवले. गादी मिळविण्यासाठी दुसऱ्या बाजीरावाने दौलतराव शिंद्यांना दोन कोटी रुपये देण्याचे कबूल केले होते. तो पैसा खजिन्यात नव्हता, आणि शिंद्यांच्या फौजेचा पगार तर चालूच होता. अखेर सर्जेराव घाटगे यास शहरातील धनिकांकडून पैसा काढण्याची मोकळीक मिळाली, आणि त्याने छळ व मारहाण करून तो काढला. ज्या फौजेने राजधानीचे रक्षण करावयाचे, तिच्याच पगारासाठी राजधानी लुटली गेली. पेंढाऱ्यांच्या बाबतीत तर सरदार त्यांच्याकडून 'पालपट्टी' घेत असत. तेथे पगाराचा प्रश्नच उरला नव्हता. लुटीचा परवाना हाच पगार, आणि त्या परवान्यावर कर.

महादजी शिंद्यांनी डी बॉयन्य याच्या हाताखाली उभारलेल्या कवायती पलटणी या रोगावर उतारा ठरतील असे वाटत होते. पगार नियमित मिळावा म्हणून त्यास दुआबात मुलूख लावून देण्यात आला, आणि पलटणींची शिस्त खरोखरच वाखाणली गेली. परंतु मुलूख, वसुली आणि फौज हे सर्व एका परदेशी अधिकाऱ्याच्या हाती एकवटले. डी बॉयन्य १७९५ मध्ये मोठी संपत्ती घेऊन चाकरीतून निवृत्त झाला. त्याच्यामागून आलेल्या पेराँने १८०३ मध्ये युद्ध ऐन भरात असताना इंग्रजांच्या स्वाधीन होऊन आपली मालमत्ता सुरक्षित केली. हजिरी खरी होती, परंतु निष्ठा करारापुरतीच होती.

६

आता शिरूरच्या छावणीकडे वळावे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी झालेल्या वसईच्या तहान्वये बाजीरावाने किमान सहा हजार पायदळ व त्यासोबतचा तोफखाना यांची तैनाती फौज स्वीकारली, आणि तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून दिला. या फौजेचा मुख्य तळ शिरूर येथे, पुण्यापासून नगरच्या रस्त्यावर सुमारे ६५ किलोमीटरवर पडला. छावणीबरोबर बाजारपेठ आली, आणि घोडनदी हे नाव गावाच्या नावाइतकेच रूढ झाले.

तैनाती फौजेचे वर्णन सामान्यतः साम्राज्यविस्ताराचे साधन म्हणून केले जाते. परंतु ती पुरविणारी संस्था ही भागधारकांची व्यापारी कंपनी होती, ही गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. ठरलेल्या उत्पन्नाच्या मोबदल्यात ठरलेली फौज पुरविण्याचा हा करार रचनेने सरंजामाच्या करारासारखाच होता. भेद एवढाच की, सरंजामदाराकडे पेशव्याचा दरकदार बसत असे, शिरूरच्या छावणीत तो बसू शकत नव्हता. पैसा देणाऱ्याच्या हातून हजिरीपट पूर्णपणे निसटला.

उलट, पेशव्याने पुरवावयाच्या फौजेची हजिरी मात्र इंग्रज मागू लागले. युद्धप्रसंगी पेशव्याने सहा हजार पायदळ आणि दहा हजार घोडदळ द्यावे असे वसईच्या तहात होते. नंतर हे आकडे तीन हजार व पाच हजार असे कमी करण्यात आले. ही संख्या भरत नाही, ही रेसिडेंटाची तक्रार पुढे चालूच राहिली. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने या तक्रारीचा निकाल अशा रीतीने लावला की, पेशव्याने फौजेऐवजी ३४ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यावा आणि फौज कंपनीने उभारावी. त्यातून जे घोडदळ उभे राहिले तेच पुढे 'पूना हॉर्स' या नावाने प्रसिद्ध झाले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला तेव्हा त्याच्या तुकडीत या घोडदळाचे अडीचशे ते तीनशे स्वार होते. दुसऱ्या दिवशी भीमेच्या काठी कोरेगाव येथे ते पेशव्याच्या फौजेशी लढले. ज्या मुलखाच्या उत्पन्नातून त्यांचा पगार निघत होता, तो सहाच महिन्यांपूर्वी पेशव्याचा होता.

हैदराबाद संस्थानात याच व्यवहाराचे नफेखोर रूप अधिक उघडे झाले. तेथे निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, कंटिंजंट फौज ठेवण्यात आली. तिच्या पगारासाठी विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी भारी व्याजाने कर्ज देई आणि मुलखाचे उत्पन्न तारण म्हणून घेई. संस्थानिकांना युरोपियनांनी कर्ज देण्यास कायद्याने मनाई असता, गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने १८१६ मध्ये या पेढीला खास परवानगी दिली. १८२० मधील साठ लाखांच्या कर्जाला रेसिडेंट मेटकाफने कडवा विरोध केला आणि अखेर पेढी बुडाली. पण फौजेचा खर्च राहिलाच. त्याच्या थकबाकीपोटी १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला. फौजेच्या हिशेबात एक संपूर्ण मराठी प्रांत वळता झाला.

इंग्रजांनी शिलेदारीची पद्धतही नाकारली नाही. पूना हॉर्ससारख्या अनियमित रिसाल्यांत 'सिल्लेदार' या नावाने तीच चालू राहिली. स्वाराने घोडा व सरंजाम स्वतः आणावा, सरकारने एकरकमी पगार द्यावा. स्वस्तपणा हे तिचे आकर्षण होते. त्याबरोबर जुने दोषही आले. असामी ही विकत घेण्याची वस्तू झाली, एकेका अधिकाऱ्याच्या नावे अनेक असाम्या जमल्या, त्यांच्या घोड्यांवर कमी पगाराचे बारगीर बसले, आणि कर्ज पुरविणारा पेढीवाला रिसाल्याबरोबर फिरू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांतील पुष्कळ प्रकार बंद करण्यात आले. तथापि घोड्याचा मूळ प्रश्न सुटला नाही. १९१४ मध्ये पूना हॉर्स फ्रान्सच्या आघाडीवर गेली, तेव्हा दीर्घ युद्धात मेलेल्या घोड्यांची भर शिपायांच्या वर्गणीतून घालणे अशक्य असल्याचे दिसून आले. १९२१ च्या सुमारास ही पद्धत संपुष्टात आली आणि घोडा अखेर सरकारचा झाला. सभासदाने वर्णिलेल्या पागेचे तत्त्व असे अडीच शतकांनी पुन्हा स्वीकारावे लागले.

७

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, फौजेतील नफेखोरीचे मूळ व्यक्तीच्या लोभात शोधण्यापूर्वी कराराच्या रचनेत शोधले पाहिजे. घोड्याची जोखीम कोणावर आणि हजिरीपट कोणाच्या हाती, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत तिचे स्वरूप आधीच ठरलेले असते. दुसरी, हा दोष एका समाजाचा वा एका राज्याचा नव्हे. मोगल, मराठे आणि इंग्रज या तिघांनाही तो टाळता आला नाही. विसाव्या शतकात घोडे गेले तरी तो गेला नाही. अफगाणिस्तानात २०२१ मध्ये कोसळलेल्या सरकारच्या फौजेत केवळ पगारपत्रकावर असलेल्या 'भूत सैनिकां'ची चर्चा त्याआधी अनेक वर्षे चालू होती. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पेशव्यांच्या व्यवस्थेत सरंजामदार फसवीत असे, तरी त्याला जाब विचारणारा दरकदार निदान अस्तित्वात होता. शिरूरच्या करारात हजिरी बहुधा अधिक खरी होती, परंतु पैसा देणाऱ्याला ती पाहण्याचा अधिकारच उरला नाही. खोट्या हजिरीने पेशव्यांचा खजिना पोखरला, आणि दुसऱ्याच्या हातातील खऱ्या हजिरीने त्यांचे राज्य घेतले.

या हिशेबात ज्याचे नाव कोणत्याच यादीत येत नाही, तो भीमथडीचा कुणबी होय. घोडा त्याच्या वैरणीवर वाढे, सरंजामाचा ऐवज त्याच्या साऱ्यातून निघे, आणि पगार तुंबला की फौज त्याच्याच गावावरून जाई. चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात त्याचा विचार आहे. नंतरच्या तहनाम्यांत लाखांचे आकडे आहेत, परंतु ते लाख ज्याच्या शेतातून यावयाचे, त्याचा उल्लेख नाही.